जुन्या वर्तमानपत्रांची खोली

अकोल्यात एप्रिल लागला की घराघरांत कूलर माळ्यावरून खाली येतात. गवताच्या जुन्या ताट्या काढायच्या, नव्या बसवायच्या, पंप चालतो की नाही ते बघायचं, मग बादल्या ओतून टाकी भरायची. परवा आमच्याकडेही हे सगळं झालं. पंखा सुरू केला आणि ओल्या गवताचा तो वास अंगावर आला, तशी मी हातातला झाडू ठेवून तिथेच उभी राहिले. हा वास बाकीच्यांसाठी उन्हाळ्याचा असेल. मला तो अमरावतीला घेऊन जातो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, माझ्या एम.ए.च्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत.

आता मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. परीक्षा जवळ आली की मुली म्हणतात, मॅडम, घरी अभ्यास होत नाही. मी त्यांना कारण विचारत नाही. घर आपलंच असतं, माणसंही आपलीच असतात, आणि तरी तिथे पुस्तक उघडून बसायला जागा मिळत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मी हिवरखेडची. घरी शेती, वडील शाळेत शिपाई. अमरावतीला आले तेव्हा विद्यापीठाची ती ग्रंथालयाची इमारत मला सरकारी कचेरीसारखी वाटली होती. आत जायचं म्हणजे कुणाची तरी परवानगी लागणार, आपण काहीतरी चुकीचं बोलणार. पहिल्या वर्षी मी दारापर्यंत जाऊन परत फिरत असे. शेवटी एकदा हिय्या करून काउंटरपाशी गेले आणि तोंडातून निघालं, "मले ते पुस्तक पायजे होतं." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माझे कान तापले. काउंटरपलीकडे ग्रंथपाल इंगोले मॅडम स्वतः बसल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा, सगळ्यांशी अगदी छापील मराठीत बोलणाऱ्या. त्यांनी मान वर केली, मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "कोन्तं पुस्तक पायजे तुले?" त्यांनी ते मुद्दाम केलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या क्षणी एवढंच वाटलं की आपल्याला इथे यायला हरकत नाही.

मग मी रोज जाऊ लागले. वाचनकक्ष लांबलचक होता. दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, बाहेर कडुनिंब. उन्हाळ्यात खिडक्यांत मोठे कूलर लावायचे. त्यांचा एकसुरी घुमारा आणि पानं उलटल्याचा आवाज, दुसरं काही नाही. टेबलांवर कुणाचीही नावं नव्हती, पण प्रत्येकाची जागा ठरलेली असे. स्पर्धा परीक्षेची पोरं भिंतीकडेला, पीएचडीवाले आतल्या कोपऱ्यात, आम्ही एम.ए.च्या मुली खिडकीजवळ. एखादा ओळखीचा चेहरा दिसला नाही की बरं नसेल का, असं वाटायचं, आणि तो दुसऱ्या दिवशी दिसला की आपण मनातल्या मनात हुश्श करायचो. पण बोलायचं कुणी कुणाशी नाही. लोकांत असून कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, अशा जागा बाईच्या आयुष्यात फार कमी येतात. मला तरी ती पहिलीच मिळाली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझे वडील गेले. शेतातून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि अकोल्याला नेता नेताच संपले. थोरली म्हणून मी सगळं उभं राहून केलं. भाऊ लहान होता. आई एका कोपऱ्यात बसलेली असे आणि येणाऱ्या प्रत्येकाला कसं झालं, कधी झालं, हे मीच सांगत असे. तेच वाक्य इतक्या वेळा सांगितलं की ते माझ्या वडिलांबद्दल आहे असं वाटेनासं झालं. अमरावतीला परत आले तर वसतिगृहात मैत्रिणी जपून बोलायच्या, मी खोलीत शिरले की हसणं थांबवायच्या. त्यांचं प्रेमच होतं ते, पण मला ते सोसेना. म्हणून सकाळी ग्रंथालय उघडलं की मी जाऊन बसायची आणि बंद होईपर्यंत उठायची नाही. पुस्तक समोर असायचं. पान मात्र उलटत नव्हतं.

रंजनाताई माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायची. आमच्याच विभागातली, माझ्या एक वर्ष पुढे होती. ऐन परीक्षेत बाळंतपण आल्याने तिचे पेपर राहिले होते. ते या वर्षी दिले नाहीत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं विभागातून तिला सांगितलं होतं. ती फार मन लावून वाचायची, पण मधूनमधून एकदम कान टवकारल्यासारखी उठायची आणि बाहेर जायची. परत यायची तेव्हा पदर नीट करत, कपाळाचा घाम पुसत. एकदा तिची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली म्हणून मी ती घेऊन मागे गेले.

इमारतीच्या मागच्या बाजूला एका कडुनिंबाच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली होती. रंजनाताई दगडावर बसून बाळाला पाजत होती, आणि बाजूला एक वयस्क बाई पदराने तिला वारा घालत होती. ती तिची सासू, शांताबाई. मी बाटली पुढे केली. त्यांनी घेतली, जयभीम घातला आणि बस म्हणाल्या. मी बसले.

त्यांचं गाव मूर्तिजापूरच्या पुढे, शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेच्या रुळाला लागून. ती गाडी बंद पडल्यापासून आधी जीपने मूर्तिजापूरला यायचं, तिथून रेल्वेने बडनेरा आणि पुढे ऑटो. सासू-सून तान्ह्या पोरीला घेऊन रोज असं येत होत्या. शांताबाईंचा मुलगा पुण्याकडे कंपनीत कंत्राटी कामाला होता. घर एका खोलीचं, वर टिनं, दुपारी आत बसवत नसे. रंजनाताई म्हणाली की ऊन तरी सोसता येतं, पण घरी पुस्तक उघडलं की तिला पुस्तकाऐवजी न घासलेली भांडी दिसतात, आणि एक बाई तरी दारात बोलायला आलेलीच असते. तिच्या सासूनेच मग ठरवलं, की तू जिथे वाचू शकतेस तिथे जायचं, मी पोरगी सांभाळते. शांताबाई स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. तिथून त्यांनी सुट्टी काढली होती. पोरीचं नाव संघमित्रा, घरी मितू.

त्या दिवसापासून मी दुपारचा डबा कडुनिंबाखालीच खाऊ लागले. खरं तर डबा शांताबाईंचाच असायचा. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा, कधी कैरीची चटणी. मी किती खाते याकडे त्यांचं लक्ष असे, पण त्या काही म्हणत नसत.

मे महिना जवळ आला तसं ऊन वाढत गेलं. आपल्याकडचं ऊन ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको. दुपारी झाडाखालीसुद्धा वारा भट्टीतून आल्यासारखा लागतो, पानंही हलायला तयार नसतात. अशाच एका दुपारी वाचनकक्षाच्या दारात मला शांताबाई दिसल्या. चपला पायऱ्यांखाली काढून ठेवल्या होत्या, अनवाणी उभ्या होत्या आणि हातात मितू होती. पोरगी रडत नव्हती. तेच भयंकर होतं. तिची मान आजीच्या हातावर लुळी पडली होती आणि डोळे अर्धवट मिटले होते. एवढ्या घाबरलेल्या असूनही त्या बाईने आत पाऊल टाकलं नव्हतं आणि हाकही मारली नव्हती. नुसत्या सुनेकडे बघत उभ्या होत्या.

रंजनाताईची खुर्ची मागे पडली. त्या आवाजाने सगळ्यांनी मान वर केली. त्यानंतर कोण आधी धावलं ते मला नीट आठवत नाही. इंगोले मॅडम काउंटरमागून बाहेर आल्या, त्यांनी बाळाला हातात घेतलं आणि सरळ वाचनकक्षाच्या मागच्या खोलीत नेलं. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायची ती खोली होती. जाड भिंती, एकच खिडकी, तीही उत्तरेला, त्यामुळे आत गारवा. मॅडमनी आपला इस्त्रीचा पदर माठातल्या पाण्यात बुडवला आणि पोरीचं अंग पुसायला लागल्या. मी विद्यापीठाच्या दवाखान्यात धावले. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. ऊन लागलं आहे, वेळेवर आत आणलं म्हणून बरं, थंड जागेत ठेवा आणि सारखं पाजत राहा, असं सांगितलं. बऱ्याच वेळाने मितूने डोळे उघडले, ओठ मुडपले आणि किंचाळून रडायला लागली. दाराबाहेर उभ्या असलेल्या पोरांमध्ये कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

रंजनाताई आपली पुस्तकं पिशवीत भरू लागली. ती रडत नव्हती. तिने शांतपणे सांगितलं की आता ती येणार नाही, आणि पेपरही द्यायचे नाहीत. पोरीच्या जिवाहून मोठी अशी कोणती पदवी आहे. शांताबाई खाली मान घालून उभ्या होत्या. झाडाखाली बसायचं त्यांनीच ठरवलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मॅडम ओला पदर पिळत म्हणाल्या, "रंजना, उद्या मागच्या दाराने या. ही खोली मी रिकामी करून ठेवते. आई आणि बाळ इथे बसतील."

"मॅडम, त्यांच्याकडे कार्ड नाही," रंजनाताई म्हणाली.

"माझ्याकडे किल्ली आहे," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून वरच्या मजल्यावर नेले. कुणी सांगितलं नव्हतं. धुळीने माखून, शिंकत, हसत त्यांनी ती खोली मोकळी केली. एकाने वसतिगृहातला आपला टेबलफॅन आणून ठेवला. खिडकीच्या गजाला झोळी बांधली गेली. एका कोपऱ्यात काही गठ्ठे राहिले ते राहिलेच, आणि त्यांना टेकून शांताबाई बसू लागल्या. जुनी वर्तमानपत्रं काढून त्या अक्षर जुळवत वाचायच्या, कुठल्यातरी जुन्या पावसाची, कुठल्यातरी कधीच्या निवडणुकीची बातमी, आणि ती आजचीच असल्यासारखी मला सांगायच्या.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. मितू कधी कधी रडायची आणि भिंतीपलीकडून तो आवाज वाचनकक्षात यायचा. पीएचडीच्या एका मुलाने तक्रार केली की हे ग्रंथालय आहे, पाळणाघर नाही. त्याचंही चुकलं नव्हतं, त्याचा प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती. मॅडमनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याची जागा त्यांनी दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या काउंटरजवळ हलवली आणि तिथला कूलर त्याच्याकडे वळवला. पुढे एकदा मी त्याला त्या खोलीच्या दारात उभं राहून झोळीला झोका देताना पाहिलं. शांताबाई पाणी आणायला गेल्या होत्या. मला पाहून तो ओशाळला आणि पुस्तकात बघू लागला. झोका मात्र थांबवला नाही.

मला वाटतं, त्या आठवड्यात वाचनकक्षाची शांतता बदलली. आधी ती जरा ताठ होती, खोकलासुद्धा दाबून धरायला लावणारी. आता एखादं बाळ रडतं, गप्प होतं, आणि आपण पुढचं वाक्य वाचतो, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. खुर्च्या, पंखे, उजेड हे तर लागतंच. पण एखाद्या जागेत आपल्याला बरं वाटतं ते मुख्यतः तिथे आपण आपलं ओझं बाहेर ठेवून आलो नाही तरी चालतं म्हणून, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

माझं ओझं मात्र मी अजून कुणाला दाखवलं नव्हतं. पेपरच्या आदल्या आठवड्यात मोठ्या काकांचा फोन आला. तेल्हाऱ्याचं स्थळ आहे, पाहुणे अमुक दिवशी येणार, तू ये. त्याच दिवशी माझा पहिला पेपर होता. काका म्हणाले की पेपर पुढच्या वर्षीही होतील, वडील नाहीत, आईकडे पाहा. काका वाईट नव्हते. भावाच्या मागे त्याच्या पोरीचं लग्न मार्गी लावावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आईला फोन द्या म्हटलं तर ती झोपली आहे म्हणाले. मी वसतिगृहात जाऊन बॅग भरली. मग ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला गेले, आणि जाता जाता मितूला बघावं म्हणून मागच्या खोलीत डोकावले.

शांताबाईंनी बॅग पाहिली. कुठे निघालीस ते विचारलं. मी सांगितलं. स्थळाचं सांगितलं, काकांचं सांगितलं, आणि ओघात वडील गेले तेही सांगितलं, त्याच पाठ झालेल्या वाक्यात, शेतातून आले, छातीत दुखतंय म्हणाले. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, खोलीचं दार ओढून घेतलं आणि माझ्या हातातली बॅग काढून बाजूला ठेवली.

"पोरी, तुहं रडाचं राह्यलं हाये," त्या म्हणाल्या. "घरचं माणूस गेलं की बाईले रडाले फुरसत कुठं भेटते. येनाऱ्या-जानाऱ्याइले चहा करा लागते. अथी कोनी येत नाई. रडून घे, मंग कुठं जाचं ते पाह्य."

मी त्या गठ्ठ्यांना टेकून बसले आणि रडले. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. किती वेळ ते कळलं नाही. शांताबाईंनी पाठीवर हात ठेवला होता, समजूत मात्र घातली नाही. मधेच इंगोले मॅडमनी दार लोटून पाहिलं असावं, कारण थोड्या वेळाने दाराच्या फटीतून पाण्याचा तांब्या आत सरकला आणि बाहेर त्या कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या की तिकडे जाऊ नका, काम चालू आहे.

मग मी तिथूनच भावाच्या फोनवर फोन लावला आणि आईला द्यायला सांगितलं. आई झोपलेली नव्हती. तिला माझ्या पेपरची तारीखच कुणी सांगितली नव्हती. मी सांगितली. वडील गेल्यापासून ती कशातच बोलत नसे, म्हणून मला वाटलं, आता फोन ठेवेल.

"पेपर दे तू," आई म्हणाली. "पाहुण्याइले काय सांगाचं ते मी सांगतो."

इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा काहीतरी ठरवलं होतं. बॅग तशीच उचलून मी वसतिगृहात परत नेली. त्या संध्याकाळी माझ्या पुस्तकाचं पान उलटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. काका काही दिवस रुसले, मग विसरले. मी पास झाले, काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि मग इथे अकोल्यात लागले. लग्न झालं, माझ्या सवडीने झालं. रंजनाताई आता धारणीकडे एका आश्रमशाळेत शिकवते. रस्ते वाईट, गाड्या कमी, पण पोरं गुणी आहेत म्हणते. मितू तिच्याच शाळेच्या अंगणात वाढली. इंगोले मॅडम निवृत्त झाल्या. शांताबाईंना आता डोळ्यांनी कमी दिसतं. फोनवर त्या पहिलं वाक्य अजूनही तेच विचारतात, जेवलीस का.

पण एप्रिलमध्ये जे आठवतं ते हे सगळं नाही. आठवते ती रंजनाताईच्या शेवटच्या पेपरची दुपार. पेपर देऊन ती मागच्या खोलीत आली, झोळी सोडली, लुगड्याची घडी घातली. परीक्षा संपत आल्याने वाचनकक्ष जवळजवळ रिकामा होता. इंगोले मॅडम आल्या आणि शांताबाईंना म्हणाल्या, इतके दिवस इथे येताय, आमचं ग्रंथालय काही तुम्ही पाहिलं नाही. शांताबाई नाही नाही म्हणत होत्या. मॅडमनी त्यांच्या हाताला धरून त्यांना वाचनकक्षात नेलं.

त्या टेबलांमधून हळूहळू चालत गेल्या. कपाटांकडे पाहिलं, वर पंख्यांकडे पाहिलं. मग खिडकीजवळच्या एका खुर्चीपाशी थांबल्या. बसू का, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मॅडमनी खुर्ची मागे ओढली. शांताबाई बसल्या, पदर सावरला आणि दोन्ही तळवे त्या गार टेबलावर पसरून ठेवले. समोर पुस्तक नव्हतं. बाहेर कडुनिंबाच्या पिवळ्या पानांचा सडा पडला होता आणि कूलर आपला घुमत होता.

बराच वेळ झाला तशी रंजनाताई पोरीला खांद्यावर घेऊन जवळ गेली आणि म्हणाली की आई, आता निघायला हवं, गाडी जाईल.

"जाऊ दे," शांताबाई म्हणाल्या. "मांगून दुसरी हाये. मले थोडं बसू दे."